रेवाच्या नावावरची ठेव

मी मूळची रहिमतपूरची, सातारा जिल्ह्यातली, हे आधी लिहून घ्या, कारण इथं कुणी विचारलं की मी सरळ पुण्याची म्हणून सांगते, कुणाला रहिमतपूर कुठं समजावत बसायचं, पण तुम्ही लिहून घेताय तर खरं तेच लिहा. वडील शिंपी होते, एकच मशीन, तेही दुसऱ्याच्या कापडदुकानाच्या ओट्यावर, आणि आम्ही चार भावंडं, त्यात मी दुसरी. सातवी झाले आणि वडील म्हणाले, आता पुरे, काजं-बटणं करायला हाताशी कुणीतरी पाहिजे. वाईट वाटलं का? वाटलं की. पण वाईट वाटलं तर ते बोलायचं असतं हे तेव्हा कुठं माहीत होतं. आमच्या गणिताच्या बाई घरी आल्या होत्या, विमलला काढू नका हो, तिचं गणित चांगलं आहे म्हणाल्या, वडिलांनी त्यांना चहा दिला, दोन ब्लाउजची मापं घेतली, आणि बाई गेल्या. त्या ब्लाउजांची काजं मीच केली. चांगली केली, मन लावून केली, काय सांगू तुम्हाला, अजून मला त्या कापडाचा रंग आठवतो, एक आंबा कलर आणि एक जांभळा.

लग्न होऊन चिंचवडला आले. आमचे हे, साळुंखे, टूलरूममधे होते, मोटारीच्या पत्र्याचे साचे बनवायचे, आणि हाताला सफाई एवढी की साहेब लोक स्वतःचं मोजमाप बाजूला ठेवून ह्यांना विचारायचे, साळुंखे, बसतंय का. मग कंपनीनं ह्यांना इकडं जर्मनीत पाठवलं, र्युसेल्सहाइमला, मोठा कारखाना आहे ना मोटारींचा, त्याला साचे पुरवणारी एक छोटी फर्म होती, तिच्यात, दोन वर्षांसाठी. दोन वर्षांची किती झाली बघा, मी अजून इथंच आहे. लग्नाला अकरा वर्षं झाली तेव्हा रेवा झाली. नाव ह्यांनी ठेवलं, म्हणाले असं नाव पाहिजे की तिकडच्या मावशीलाही घेता आलं पाहिजे आणि इथल्या डॉक्टरलाही, माझ्या आडनावाचे इथं किती तुकडे झालेत ते बघतेस ना.

रेवा नऊ वर्षांची असताना हे गेले. सकाळी कामावर जाताना बसस्टॉपवर बसले ते उठलेच नाहीत. त्याच्यावर मी जास्त बोलणार नाही, आज बोलायचं ते वेगळं आहे.

तर मला काम बघावं लागलं, आणि मला मिळालं ते एका शाळेच्या मेंझात, मेंझा म्हणजे मुलांची जेवणाची खोली, स्वयंपाकघर मागं. आधी भांडी, मग भाज्या चिरणं, मग वाढणं. आणि माझं जर्मन जे काही आहे ते मी तिथल्या फळ्यावर शिकले. तुम्ही बघितलं असेल, इथं जेवणाच्या यादीत पदार्थाच्या नावापुढं बारीक आकडे असतात, एक, चार, सात, आणि खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की एक म्हणजे गहू, चार म्हणजे मासे, सात म्हणजे दूध, म्हणजे ज्या मुलाला जे चालत नाही ते त्याच्या ताटात जाऊ नये. मुख्य पदार्थ कुणीही वाचतो, पण खालचं बारीक वाचलं नाही तर पोर दवाखान्यात जातं. मी ते खालचं बारीक आधी शिकले आणि वरचं मोठं नंतर. वाढायला लागल्यापासनं रेवाची शाळा संपेपर्यंतच्या सात वर्षांत माझ्या हातनं एकाही मुलाला चुकीचं ताट गेलं नाही, आमच्या शेफनं हे सगळ्यांसमोर सांगितलंय. हे मी उगाच सांगत नाही, पुढं त्याचा संबंध येणारे.

आता ठेवीचं. चिंचवडला आमची एक खोली होती, ह्यांनी ओव्हरटाइम करून घेतलेली. हे गेल्यावर मी ती विकली, आणि आलेले सगळे पैसे माझ्या थोरल्या भावाच्या हातानं, अण्णाच्या, तिथल्या बँकेत रेवाच्या नावानं ठेवले. रेवा अज्ञान, पालनकर्ती आई म्हणून सही माझी. का ठेवले म्हणाल तर लग्नासाठी. आमच्याकडं मुलगी झाली की असंच करतात, कुणी ठेव करतं, कुणी दोन-दोन ग्रॅम सोनं घेत राहतं, आणि ते पोरीला सांगायचं नसतं. आपणही ते मोजायचं नसतं. घरात कितीही ओढाताण झाली तरी त्या पैशाकडं बघायचं नाही, जसं काही ते नाहीतच. मी हिवाळ्यात रेवाला जुन्या बाजारातला कोट घेतला पण ठेवीला हात लावला नाही, आणि मला त्याचा अभिमान होता, खरंच होता.

रेवा शाळेत हुशार, आणि गणितात तर विचारू नका. तिचं बोलणं असं की मी मराठीत विचारायचं आणि तिनं जर्मनमधे उत्तर द्यायचं, समजतं सगळं, पण तोंडातनं निघतं ते जर्मन. बारावीसारखी त्यांची परीक्षा असते ती झाली, मार्क उत्तम पडले, आणि ही म्हणाली मला शाळेत शिक्षिका व्हायचंय, गणिताची. ओळखीतल्या बायका म्हणाल्या, एवढे मार्क आणि मास्तरीण, आयटीत घाल की. मला त्या आंबा कलरच्या ब्लाउजच्या बाई आठवल्या. हायडेलबर्गला प्रवेश मिळाला.

मग खर्च. फी इथं जवळपास नाहीच, पण खोलीचं भाडं, खाणं, पुस्तकं, आणि माझा पगार म्हणजे मेंझाचा अर्धवेळ आणि ह्यांच्या मागं मिळणारी थोडी पेन्शन. रेवा लॅपटॉप उघडून म्हणाली, आई, बाफ्योग घेऊ. बाफ्योग म्हणजे इथलं सरकार शिकणाऱ्या मुलांना दरमहा पैसे देतं ते. मी विचारलं, देतं म्हणजे काय, असंच देतं? ती म्हणाली, अर्धे असेच देतात आणि अर्धे कर्जाऊ. कर्ज हा शब्द ऐकला आणि मी म्हटलं, बंद कर ते मशीन.

त्याला कारण होतं. ह्यांचे थोरले भाऊ, आमचे भाऊजी, त्यांनी मित्राच्या मुलाच्या शिक्षणाच्या कर्जाला जामीन म्हणून सही केली होती. पोरगा शिकला, नोकरी लागली नाही, हप्ते थांबले, आणि बँकेची दोन माणसं भाऊजींच्या घरी येऊन बसायची. भांडायची नाहीत, नुसती बसायची, जाऊबाईंनी टीव्ही लावला की टीव्ही बघायची. तीन महिने त्या घरात कुणी मालिका नीट बघितली नाही. तिकडं शिक्षणाचं कर्ज म्हणजे असं, सही आईबापाची, तारण घर, आणि व्याज पहिल्या दिवसापासनं. मी तेव्हाच ठरवलं होतं की कर्जाच्या कागदावर माझी सही होणार नाही.

रेवानं मला समोर बसवलं आणि मुलांना अपूर्णांक शिकवतात तसं समजावलं. म्हणाली, आई, ह्याला व्याज नाही. मी म्हटलं, व्याज नसलेलं कर्ज कुठं असतं का, मग त्यांना काय मिळतं? म्हणाली, त्यांना शिक्षिका मिळते. म्हणाली, फेड शिक्षण संपून काही वर्षं झाल्यावर सुरू होते, हप्त्यानं, आणि ठरलेल्या रकमेच्या वर कधीच मागत नाहीत, आणि नोकरी नसेल तर कळवायचं, थांबतात. मी विचारलं, आणि जामीन कोण? कुणी नाही. घर तारण? आपलं घर भाड्याचं आहे, आई. मग माझी सही कशाला मागतायत त्या तीन नंबरच्या फॉर्मवर? ती म्हणाली, तो फक्त आईबापाची कमाई किती ते सांगायचा फॉर्म आहे, कमाई जास्त असेल तर ते म्हणतात तुम्ही द्या, कमी असेल तर ते देतात, तू फेडायला बांधील नाहीस, कर्ज माझं, माझ्या एकटीच्या नावानं. हे ऐकून तर मला आणखीनच वाईट वाटलं, पोरीच्या एकटीच्या डोक्यावर. पण तिच्या तोंडाकडं बघून सही केली. कर्जाच्या कागदावरची आयुष्यातली पहिली.

आणि त्याच दिवशी ती चूक झाली. मी गवार निवडत बसले होते आणि रेवा तिचा फॉर्म भरत होती, एकेक प्रश्न मोठ्यानं वाचत. एक पान होतं फेरम्योगनचं, म्हणजे शिकणाऱ्या मुलाच्या स्वतःच्या मालकीचं काय काय आहे त्याचं, बँकेत, ठेवीत, इथं किंवा परदेशात. कारण त्यांचं म्हणणं असं की मुलाच्या नावानं ठरावीक रकमेपर्यंत असलं तर असू दे, त्याच्या वर असेल तर आधी ते वापरा आणि मग आमच्याकडं या. रेवानं विचारलं, आई, माझ्या नावावर काही आहे का? आणि मी मान वर न करता म्हटलं, तुझ्या नावावर काय असणारे, बाई.

मी खोटं बोलले असं मला तेव्हा वाटलंच नाही, हे तुम्ही नीट लिहा. ते लग्नाचे पैसे. ते तिचे कुठं होते, ते माझेही नव्हते, ते त्या दिवसाचे होते. आणि परदेशात म्हणाल तर चिंचवड मला कधी परदेश वाटलं नाही. ज्या बाईनं सात वर्षांत एक आकडा चुकवला नाही ती बाई घरच्या टेबलावर चुकली. रेवानं नाही वर खूण केली, खाली सही केली की वरचं सगळं खरं आहे, आणि मी गवार फोडणीला टाकली.

दीड-दोन वर्षं छान गेली. रेवा शनिवारी यायची, रविवारी डबे घेऊन जायची. मग ठेवीची मुदत संपली. अण्णा बँकेत गेला तर ते म्हणाले, मुलगी आता सज्ञान झाली, आईची सही चालणार नाही, तिची पाहिजे. अण्णा माझा भाबडा, त्यानं फॉर्मचा फोटो काढला आणि मला न विचारता सरळ रेवाच्या फोनवर पाठवला, वर लिहिलं, बाळा, तीन ठिकाणी सही करून पाठव, आणि आकडा बघून तब्येत खूश होईल तुझी.

बुधवार होता. रेवा शनिवारची वाट न बघता आली. चपला काढल्या नाहीत, दारातच उभी राहिली आणि फोन माझ्यासमोर धरला. आणि मराठीत बोलली. एवढी वर्षं मी मागं लागले होते मराठीत बोल, आणि ती बोलली ती हे वाक्य.

आई, तू मला खोटं लिहायला लावलंस.

मी म्हटलं, अगं ते तुझ्या लग्नाचे आहेत. ती म्हणाली, माझ्या नावावर आहेत. मी म्हटलं, चिंचवडमधलं इथं कुणाला कळतंय, गप्प बस, मुदत वाढवून टाकू आणि विसरून जाऊ. तेव्हा ती खाली बसली, पिशवी मांडीवर तशीच, आणि तिनं सांगितलं की त्या फॉर्मवर सही तिची आहे. हे नंतर बाहेर आलं तर ती सरकारची फसवणूक धरतात, आणि इथं शिक्षक व्हायचं तर शपथ घ्यावी लागते, त्याआधी लिहून द्यावं लागतं की आपल्यावर असलं काही नाही. एकदा डाग लागला की वर्गात उभं राहता येणार नाही. आणि समजा कुणाला कळलंच नाही, ती म्हणाली, तरी मला माहीत आहे ना. मुलांनी उत्तर मागनं बघून लिहिलं तर मी त्यांना काय सांगू?

मी काय म्हणाले सांगू? मला लाज वाटते, पण सांगते. मी म्हटलं, बापाच्या घामाची खोली होती ती, ती मी त्या ऑफिसला देणार नाही, तू अजून लहान आहेस. ती उठली आणि गेली. डबा नेला नाही. त्यानंतर तीन शनिवार ती आली नाही. फोन करायची, जेवलीस का विचारलं की जा म्हणायची, म्हणजे हो, आणि ठेवायची.

ते तीन शनिवार मी कसे काढले ते मला माहीत. अण्णाला फोन केला तर तो म्हणाला, पोरीला समजाव, आपण काय चोरी केलीय का. इथल्या एका ओळखीच्या बाईंनी सांगितलं, अहो आमच्या भाच्याच्या नावानं पण आहेत की गावाकडं, कोण विचारतंय. ते ऐकून मला बरं वाटायला पाहिजे होतं, पण वाटलं नाही. आणि मग एक दिवस मेंझात काय झालं, नवीन आलेल्या मुलीनं सूपच्या पुढचा नऊ पुसला, नऊ म्हणजे सेलरी, म्हणाली थोडीशीच तर आहे, कुणाला कळणार. मी तिला असं काही बोलले की शेफ बाहेर आला. मी म्हटलं, थोडी का असेना, ज्याच्या पोटात जाणार त्याला कळणार, लिही परत. तिनं लिहिलं. आणि मी चमचा हातात धरून तिथंच उभी राहिले. दुसऱ्याच्या पोरांसाठी मी एवढी कडक आणि माझ्या पोरीच्या ताटात मी काय वाढलं होतं.

त्या दिवशी मीच फोन केला. म्हटलं, कधी जायचं त्या ऑफिसात? ती म्हणाली, मी एकटी जाऊन येते, तू नको. मी म्हटलं, पावतीवर सही माझी आहे, मी येणार.

ठेवीची मूळ पावती, पालनकर्ती म्हणून माझ्या सह्या, अण्णानं पाठवलेला फॉर्म, सगळं प्लॅस्टिकच्या फाइलीत घालून मी हायडेलबर्गला गेले. रेवा स्टेशनवर उभी होती, वाळलेली. ऑफिसात एक बाई होत्या, माझ्याहून थोड्या लहान, खिडकीत निवडुंगाच्या कुंड्या, गळ्यात साखळीला चष्मा. रेवानं सगळं जर्मन तयार करून आणलं होतं, कागदावर लिहून, पाठ करून. तिनं सुरुवात केली की आम्हाला एक गोष्ट कळवायची आहे, फॉर्ममधे एक गैरसमज झाला होता. आणि मला कळलं की ही मला वाचवतेय. स्वतःच्या अंगावर घेऊन गैरसमज म्हणतेय.

मी तिच्या हातावर हात ठेवला. आणि माझ्या त्या मेंझातल्या जर्मनमधे, व्याकरण सगळं वाकडं, मी म्हटलं, बाई, हिला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. हिनं मला विचारलं आणि मी नाही म्हटलं. खोटं मी बोलले, ही नाही.

घरात कुणी खोटं हा शब्द काढला तर मी अंगावर जायचे. तो शब्द मी तिथं, परक्या भाषेत, स्वतःच्या तोंडानं काढला, आणि खरं सांगते, मला हलकं वाटलं. त्या बाईंनी लिहायचं थांबवलं. चष्मा काढला. विचारलं, का नाही म्हणालात? मी म्हटलं, आमच्याकडं मुलीच्या लग्नाचे पैसे म्हणजे पैसे नसतात. त्या म्हणाल्या, मग काय असतात? आता ह्याला जर्मनमधे काय सांगणार, मला शब्द सापडेना, मी म्हटलं, भीती असते. आईची भीती असते, बँकेत ठेवलेली. रेवा माझ्याकडं बघायला लागली. बाई म्हणाल्या, माझ्या आजीनं माझ्या लग्नासाठी चादरींची पेटी भरून ठेवली होती, तीस वर्षं मी एकही वापरली नाही.

पण ओळख पटली म्हणून काम झालं असं इथं नसतं, तुम्हाला माहीतच आहे. त्यांनी सांगितलं, दोघींनी वेगवेगळं लिहून द्या, काय झालं ते आणि कसं कळलं ते. पावतीची झेरॉक्स ठेवून घेतली, मूळ परत दिली. म्हणाल्या, हिशेब नव्यानं होईल, जास्तीचे गेलेले परत द्यावे लागतील, आणि पुढं काही कारवाई करायची का ते मी ठरवत नाही, वर ठरतं. पण तुम्ही आपण होऊन आलात, कुणी बोलावलं म्हणून नाही, हे मी लिहिते. आणि त्यांनी आमच्यासमोर ते लिहिलं.

पाच आठवडे पत्र नाही. रेवा शनिवारी यायला लागली होती पण अभ्यासात लक्ष नाही, पोस्टाच्या पेटीची किल्ली हातातच असायची. मी तिला म्हटलं, कारवाई झाली तर ती माझ्यावर होऊ दे, मला कुठं शपथ घ्यायचीय. ती हसली नाही. मग पत्र आलं. पाकीट मी फोडलं नाही, शनिवारपर्यंत तसंच देवापुढं ठेवलं, नाव तिचं होतं ना. तिनं उभ्यानंच वाचलं, आणि मी विचारलं, खाली काय लिहिलंय, बारीक अक्षरातलं आधी वाच. ती म्हणाली, आई, तू आणि तुझं बारीक. आणि मग वाचलं. एवढी रक्कम परत भरा, पुढं ठेव त्या मर्यादेखाली आली की पुन्हा अर्ज करा, आणि दुसरी कुठलीही कारवाई नाही. मी तिला पुन्हा वाचायला लावलं. तिसऱ्यांदा मी स्वतः वाचलं, बोट ठेवून.

अण्णाला फोन केला, ठेव मोडायची. तो एवढा चिडला, म्हणाला, पोरीच्या लग्नात काय करशील, वऱ्हाडाला पाणी पाजशील? मी म्हटलं, अण्णा, वऱ्हाड येईल तेव्हा बघू, आत्ता पोरगी परीक्षेला बसलीय. परदेशातल्या मुलीची ठेव म्हणून तिथल्या बँकेनं शंभर कागद मागितले, पण शेवटी मोडली. तिच्या नावावर एवढी वर्षं असलेल्या त्या ठेवीवर रेवानं स्वतःच्या हातानं केलेली पहिली सही ती मोडायची होती. ऑफिसचे पैसे परत केले. उरलेल्यातनं वर्षभर तिचं भाडं दिलं, मग पुन्हा अर्ज केला, ह्या वेळी ते पान मी स्वतः समोर घेतलं, आणि जे उरलं होतं ते पैशापर्यंत लिहिलं. पुढचं शिक्षण बाफ्योगवर झालं, मास्टर्सपर्यंत.

आता मला बायका विचारतात, विमलताई, रेवाचं लग्न कधी, पैसे तर गेले म्हणे. मी सांगते, लागलं की तिचं लग्न, हायडेलबर्गला लागलं, ह्यांच्या खोलीच्या पैशात लागलं, आणि वर्षभर मांडव होता. त्यांना कळत नाही. नाही कळलं तर नाही.

गेल्या वर्षी तिची शपथ झाली. शाळेत उमेदवारी, म्हणजे शिकाऊ शिक्षकाचं काम, सुरू व्हायच्या आधी एका हॉलमधे सगळ्या नव्या शिक्षकांना बोलावतात आणि उभं राहून शपथ घ्यायला लावतात. रेवा म्हणाली, आईवडिलांना कुणी आणत नाही, पण मी तुला आणणार. तिच्या लग्नात नेसायची म्हणून मी एक नारायणपेठ घेऊन ठेवली होती, मोरपंखी, घडीसुद्धा मोडली नव्हती. ती नेसून गेले. सगळे जीन्समधे आणि मी अशी. आदल्या महिन्यात तिनं तो कागद भरला होता, आपल्यावर काही गुन्हा नाही, काही चौकशी नाही, असा, आणि भरताना मला जवळ बोलावलं होतं. तिनं नाही वर खूण केली. त्या नाहीसाठी आम्ही दोघींनी केवढं केलं होतं. हॉलमधे तिनं हात वर केला आणि मी मनात ह्यांना म्हटलं, अहो, बघताय ना, बसतंय का. आणि मला ऐकू आलं, बसतंय.

आता माझ्याकडं येतात लोक. कारखान्यात माणसं कमी केली ना, त्यामुळं आपल्यातल्याही काही घरांची कमाई घटली, आणि मुलं कॉलेजच्या वयाची. कुणीतरी सांगतं, मेंझातल्या विमलआजींना तो फॉर्म येतो. मग नवरा-बायको येतात, मुलगी फोनमधे बघत बसते. मी आधी चहा टाकते. मग सांगते, घाबरू नका, अर्धं सरकारचं, अर्धं मुलीचं, व्याज नाही, जामीन नाही, तुम्ही फक्त तुमची कमाई खरी लिहा. आणि मग मी माझा प्रश्न विचारते, गावाकडं हिच्या नावानं काय ठेवलंय? सगळे म्हणतात, काही नाही हो आजी. बिस्किटांची बशी पुढं करते आणि गप्प बसते. थोड्या वेळानं नवरा बायकोकडं बघतो, बायको खिडकीकडं बघते, आणि मग ती हळूच म्हणते, आईंनी थोडं सोनं केलंय तसं. आणि एक पावती आहे. तेव्हा ती फोनमधली मुलगी मान वर करते. दर वेळी करते. मला ते बघायला फार आवडतं.

रेवाचे हप्ते अजून काही वर्षांनी सुरू होतील. मी म्हटलं, मी आहे तोवर मी भरते. ती म्हणाली, आई, कर्ज माझं आहे, हात लावायचा नाही. मराठीत म्हणाली. परवा तिच्या वर्गातल्या एका मुलीच्या घरी जाऊन आली, तुर्की कुटुंब आहे, वडील म्हणत होते हिला आता दुकानात घेतो. मी विचारलं, चहा दिला का त्यांनी? दिला म्हणाली. मग काय झालं? मग काय, म्हणाली, मी चहा प्यायले आणि तिथंच बसले, ते हो म्हणेपर्यंत उठले नाही.

माझ्या त्या बाई आता नसतील, वय बघता. पण असतील तिथं सुखी असोत. आणि तुमच्या मुली शिकोत, खरं लिहून शिकोत. घ्या, चहा गार झाला तुमचा, दुसरा टाकते.